एक पूर्णांक एक

रेषाबाईने तेच बारा नमुने चौथ्यांदा प्लेटवर टाकले. पिपेटच्या टोकाशी थेंब लोंबला, सिलिकॉनच्या करड्या चकतीवर टेकला आणि पसरला. धुऊन, दळून, पाण्यात कालवलेली बुरशी दुधावरच्या सायीसारखी दिसते. वाळली की थेंबाच्या जागी पुसट ठिपका उरतो. ठिपका वाळायला दहा मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं थांबली. मग उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली, खुर्ची करकरते म्हणून दुसरी ओढून घेतली. दुसरी जास्त करकरत होती.

प्लेट मशीनमध्ये गेली. मशीनचं काम तसं साधं आहे. डोळ्याला न दिसणारा, नुसत्या उबेसारखा प्रकाश त्या ठिपक्यातून जातो, बुरशीतले पदार्थ आपापल्या वाट्याचा प्रकाश गिळतात आणि पडद्यावर डोंगररांग उमटते. प्रथिनांचं शिखर एकीकडे, पेशींच्या भिंतीचं दुसरीकडे, आणि सतराशे पंचेचाळीस या आकड्यावर चरबीचा उभा सुळका. सुळका जितका उंच तितकं बुरशीच्या पोटात तेल जास्त. या रेषा वाचता वाचता तिचं खरं नाव दोन वर्षांत सगळे विसरले. दारावर पाटी होती, पण पाटीसमोर कपाट आलं आणि कपाट हलवण्याइतकी कोणाला निकड वाटली नाही.

तेल जास्त की कमी हे मशीन सांगतं, पण नेमकं किती हे त्याला आपणहून कळत नाही. ते शिकवावं लागतं. शिकवणारे मामा, प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. शेजारच्या खोलीत मामा बुरशी खलात घालून दळायचे, सहा तास तिच्यातून तेल विरघळवून घेणारा द्रावक फिरवायचे, द्रावक उडवून खाली उरलेलं तेल वजन करायचे. एकतीस वर्षं हेच. ज्या बुरशीत मामांना चाळीस टक्के तेल मिळालं, तिची रांग मशीनला दाखवायची आणि म्हणायचं, बघ, हे चाळीस. पहिलं वर्ष असं शिकवण्यात गेलं. नंतरचे आठ महिने परीक्षा: मशीनने आपला आकडा सांगायचा, मामांनी आपला काढायचा, मग दोन्ही समोरासमोर धरायचे. शहाण्णव नमुने झाले होते. सरासरी फरक एक पूर्णांक एक टक्का. ही बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून माशांच्या खाद्यासाठी तेल काढणाऱ्या कंपनीने दोनची मर्यादा घातली होती. गुरुवारी त्यांची माणसं येणार होती. दोनच्या आत असलं की पद्धत मंजूर, आणि पद्धत मंजूर झाली की रेषाबाईच्या नेमणुकीपुढचा ‘तात्पुरती’ हा शब्द जाणार होता.

आणि शेवटच्या आठवड्यात हे बारा आले. मशीन म्हणतं अडतीस, मामा म्हणतात एकतीस. बाराच्या बारा.

रांग उमटली. अडतीस. चौथ्यांदा.

“अजून तेच घेऊन बसलीस?” मामा दारात उभे होते, ट्रेमध्ये आठ फ्लास्क. काटा रेषाबाईच्या खोलीत होता, दगडी ओट्यावर. मामांच्या खोलीमागून लिफ्ट जायची आणि लिफ्ट गेली की तिथे तेलाचं वजन नाचायचं. म्हणून रोज सकाळी मामा फ्लास्क घेऊन यायचे, खाली बघत वजनं करायचे, एक विनोद सांगायचे आणि जायचे. विनोद एकूण नऊ होते. आज तिसरा यायला हवा होता, आला नाही.

“मामा, या बारांचं तुम्ही परत काढाल का?”

“परत?”

“माझं चुकत असेल. पण चार वेळा तेच येतंय.”

“मग माझं चुकलं असेल.” मामांनी फ्लास्क काट्यावर ठेवला. “तू आपलं तुझंच धर.”

एकतीस वर्षांत मामांनी स्वतःची चूक इतक्या पटकन कबूल केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. काच धुणाऱ्या मावशींशी ते एका बुचावरून अठरा दिवस भांडले होते, आणि बूच मावशींचं निघाल्यावरही त्यांनी ‘बरं’ इतकंच म्हटलं होतं.

मॅडमना मात्र यात काही अडचण दिसेना. त्या या सगळ्यांच्या वरिष्ठ. त्यांच्या टेबलावर कागद फार वेळ पडून राहत नसे.

“बारा काढून टाक.”

“कारण काय लिहू?”

“त्या आठवड्यात तुझं मशीन बंद होतं ना? हवा कोरडी करणारा पंप बिघडला होता. तेच लिही.”

“पण मशीन दुरुस्त झाल्यावरच मी मोजलंय, मॅडम. मामांचं आधी झालं, माझं नंतर. एवढाच फरक.”

“मग एवढाच फरक लिही. अगं, शहाण्णव जुळतायत. बारासाठी कोण रडतं?”

रेषाबाई बाहेर आली. ‘बरं’ म्हणून आली होती, तेव्हा गोष्ट संपायला हरकत नव्हती. तरी तिने मधला लांब कॉरिडॉर दोनदा ओलांडला, पाण्याच्या यंत्राशी थांबली, पाणी घेतलं, प्यायली नाही. आधी मामा, नंतर मी. एवढाच फरक. हे वाक्य बुटातल्या खड्यासारखं प्रत्येक पावलाला टोचत होतं.

धुण्याच्या खोलीत मावशी कोपरापर्यंत हातमोजे घालून फ्लास्क विसळत होत्या. रेषाबाईने नुसतं उभं राहायचं म्हणून उभं राहून पाहिलं.

“काय रेषाबाई, रस्ता चुकलात?”

“सहज आले.”

“सहज कोणी इथं येत नाही. काही फुटलं का?”

“नाही हो. तुमचं आज लवकर आटोपलं.”

“हल्ली आटोपतंच. मामांचे फ्लास्क पूर्वी तीन-तीन साबण खायचे. बोट लावलं की निसटायचे. आता एका साबणात निघतात.” मावशींनी एक फ्लास्क उजेडाला धरला. “सात-आठ महिने झाले की. मी म्हटलं, बुरशीला डाएटवर टाकलं वाटतं.”

स्वतःच्या विनोदावर त्या खूश होऊन हसल्या. रेषाबाईही हसली, आणि तिच्या हातातला पाण्याचा ग्लास कलंडून बुटावर सांडला.

डाएटवर टाकलेलं नव्हतं. मामांनी लिहिलेले आठ महिन्यांचे आकडे तिला पाठ होते. ते पस्तिसाच्या खाली क्वचित उतरायचे. तेवढं तेल फ्लास्कमध्ये आलं असेल, तर फ्लास्क एका साबणात कसे निघतील?

मामा काही टाकत नसत. तेल काढून झालेल्या बुरशीचा चोथासुद्धा छोट्या बाटल्यांत भरून, तारीख-नंबर घालून कपाटात ओळीने लावलेला असायचा. कशासाठी, असं विचारलं की म्हणायचे, “असू दे.” बुधवारी सकाळी मामा यायच्या आत तिने त्यातल्या सहा बाटल्या उचलल्या. तीन दोन वर्षांपूर्वीच्या, तीन यंदाच्या. चिमूटभर चोथा पाण्यात कालवला, थेंब टाकले, वाळेपर्यंत खोलीत सतरा फेऱ्या मारल्या.

जुन्या चोथ्यात सतराशे पंचेचाळीसवर जवळजवळ सपाटी होती. जिथे सुळका होता तिथे आता माळरान. सगळं तेल निघून गेलेलं. यंदाच्या तिन्हींत सुळका उभा. उंचीने कमी, पण उभा. म्हणजे मामांनी तेल काढल्यानंतरही आत बरंच शिल्लक होतं. आणि तरी मामांनी लिहिलेले आकडे भरलेले, मशीनशी जुळणारे.

तिने खुर्चीवरून मागे पाहिलं. दगडी ओटा. ओट्यावर काटा. काट्यासमोर माणूस बसला आणि त्याने जरा मान उचलली, तर नाकासमोर काय येतं? तिचा पडदा.

मामा आपल्या खोलीत नरसाळ्यातून द्रावक ओतत होते. तिने जुन्या आणि यंदाच्या चोथ्याच्या रांगांचे दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले. मामांनी ओतणं पूर्ण केलं, बूच लावलं, हात पुसले, चष्मा वर केला. तिला वाटलं, आता ते विचारतील हे काय आहे. त्यांनी विचारलं नाही.

“खांदा,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी पिंप उतरवताना धरला, तो सुटलाच नाही. खल फिरवायचा तर या बुरशीचं कातडं जाड. फुटल्याशिवाय आतलं देत नाही.”

“मग सांगायचं ना.”

“कोणाला? तुला सांगितलं असतं, तू मॅडमना सांगितलं असतंस. मॅडमनी मला खुर्ची दिली असती.” मामांनी खुर्ची हा शब्द एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा घेतला. “दोन महिने राहिलेत माझे. म्हटलं, उभ्यानेच जाऊ.”

“आणि आकडे?”

“पहिल्यांदा एकतीस आला. वजन करताना वर पाहिलं तर तुझ्याकडे सदतीस. म्हटलं, पोरीचं चुकलं. चोथा पुन्हा दळला. दोन दिवस गेले, रात्रभर खांद्याला शेक. वरचे सहा निघाले. पुढच्या वेळी पण तेच झालं. मग म्हटलं, हिला आधीच कळतंय, तर माझे हाल कशाला?”

“दोनदा पाहिलंत.”

“दोनदा.”

“आणि बाकीचे चौऱ्याण्णव?”

मामांनी नरसाळं उलटं करून ठेवलं, मग सरळ केलं. “तुझ्याकडून घेतले. अगदी सारखे नव्हते घेतले हं. तू पकडलं असतंस. कुठे अर्धा वर, कुठे दीड खाली. असं जरा खरं वाटेल असं.”

रेषाबाई स्टुलावर बसली. एक पूर्णांक एक. ज्या आकड्याचा मॅडमनी दोन सभांत उल्लेख केला होता, कंपनीने पत्रातून अभिनंदन केलं होतं, जो तिने स्वतः पहिल्या पानावर ठळक टाइपात घातला होता, तो मामांनी अंदाजाने, चवीपुरतं मीठ घालावं तसा घातला होता.

“आणि हे बारा?”

“तेव्हा तुझा पडदा आठ दिवस काळा. मी रोज येऊन बघायचो. शेवटी आले तेच लिहिले.”

“म्हणजे एवढेच खरे.”

“खरे कसले? अर्धवट दळलेले. तुझं बरोबर आहे, पोरी. मी छातीवर हात ठेवून सांगतो.”

“छातीवर ठेवून नाही चालत, मामा. काट्यावर ठेवावं लागतं.” तिचा आवाज चढला आणि तिचा तिलाच ऐकू आला. ती उठली, परत बसली. “मी मशीनला तुमच्याकडून शिकवलं, तुम्ही मशीनला विचारून लिहिलंत. बुरशीला कोणी विचारलंच नाही.”

मागून लिफ्ट गेली, कपाटातल्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या.

“खरी वजनं पाहिजेत तुला?” ते म्हणाले. “काट्यात आहेत. तो सगळं लक्षात ठेवतो, शेवटची दहा हजार. पुसायचं बटण कुठे आहे ते मला माहीत आहे.”

“मग पुसली का नाहीत?”

“असू दे म्हटलं.”

मॅडमसमोर तिने फार थोडं सांगितलं. काटा आणि पडदा एका खोलीत समोरासमोर होते. दोघांचे आकडे एकमेकांपासून लपलेले राहिले नाहीत. खोलीची मांडणी तिची, म्हणून चूक तिची. तपासणी नव्याने करावी लागेल. हे सगळं खरंच होतं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

“मामांनी बघून लिहिलं?”

“मांडणी माझी होती, मॅडम.”

“मी ते विचारलं नव्हतं.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “पुढचा गुरुवार. त्यापलीकडे मला ढकलता येणार नाही. आणि दोनच्या आत, रेषाबाई. दोनच्या वर गेलं तर महिनाअखेरीस तुझी मुदत संपते, आणि मी काही करू शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.”

पडदा भिंतीकडे तोंड करून वळवला गेला. मावशींनी शहाण्णव चोथ्यांतून डोळे मिटून चोवीस बाटल्या काढल्या, जुन्या नंबरांवर नवे कागद चिकटवले आणि कोणता नवा म्हणजे कोणता जुना याची चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकून वरून पिन लावली. “आता दोघांनी मला लाडीगोडी लावायची,” त्या म्हणाल्या. दळायला शेजारच्या रंगाच्या प्रयोगशाळेतून पोलादी गोळ्यांचं यंत्र उसनं आणलं. मामा त्याच्याभोवती दोनदा फिरले, जसं कोणी घरात आलेल्या नव्या जावयाभोवती फिरावं. यंत्र तापतं, तेल बिघडेल, म्हणून दर मिनिटाला ते बंद करून डबा बर्फात ठेवायचं, हे त्यांचंच. त्यांनी ते घड्याळ लावून केलं. आठ-आठच्या तीन फेऱ्या, तीन दिवस. त्या तीन दिवसांत रेषाबाईने टेबलाचे सगळे खण आवरले, दुरुस्त झालेला पंप पुन्हा उघडून साफ केला, आणि मामांच्या दारावरून जाताना आत न बघण्याची इतकी काळजी घेतली की दोनदा समोरून येणाऱ्या मावशींवर आदळली.

सोमवारी मावशींनी पिन काढली. मामांनी काट्याच्या पोटातलं त्या नमुन्याचं मूळ वजन घ्यायचं, त्यात आत्ता चोथ्यातून निघालेलं तेल मिळवायचं, नवा आकडा मोठ्याने वाचायचा. रेषाबाईने तो भिंतीकडे वळलेल्या पडद्यावर, मशीनच्या जुन्या आकड्याशेजारी टाकायचा. ती भिंत आणि टेबल यांच्या सांदीत तिरपी बसली होती.

छत्तीस पूर्णांक दोन. पस्तीस पूर्णांक पाच. एकेचाळीस. पहिल्या दहांत फरक दीडाच्या आसपास खेळला. चौदाव्याला मामांनी पाणी मागितलं. सतराव्याला त्यांनी आकडा दोनदा वाचला. “एकतीस पूर्णांक सहा. एकतीस, सहा.” तिच्या रकान्यात अडतीस पूर्णांक दोन होतं. तिने एकतीस सहा लिहिलं. चोविसावा झाल्यावर मावशी “माझं काम झालं” म्हणून गेल्या.

खाली बेरजेच्या जागी सरासरी फरक आला. दोन पूर्णांक एक.

मामा तिच्याकडे पाठ करून मऊ ब्रशने काट्याची थाळी झाडत होते. रेषाबाईने सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. नुसतं बघायला. ओळ निवडली, वगळली. एक पूर्णांक नऊ. दोनच्या आत आलं की आकडा आपोआप हिरवा व्हावा, अशी सोय तिनेच कधीतरी हौसेने करून ठेवली होती. हिरवा झाला.

ब्रश थांबला.

“सतरा ना?” मामांनी न वळता विचारलं.

तिने बोट ओळीवरून उचललं.

“मलाही कमी वाटला तो. म्हणून परत दळला, परत चढवला. दुसऱ्या वेळी काही निघालं नाही. कोरडा फ्लास्क.” ब्रश पुन्हा चालू लागला. “त्यात तेल तेवढंच आहे, पोरी.”

बाहेर कोणीतरी ढकलगाडी ओढत नेली. तिची चाकं लांबपर्यंत ऐकू येत होती. रेषाबाईने ती लांब जाईपर्यंत वाट पाहिली, मग सतरावी ओळ परत घेतली. हिरवा गेला.

“दोन पूर्णांक एक,” ती म्हणाली.

मामांनी ब्रश खिशात ठेवला. ‘वाईट झालं’ म्हणाले नाहीत, नऊपैकी कुठला विनोदही सांगितला नाही. खांदा सांभाळत ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूने आले आणि पडद्याची कड धरली.

“वळव जरा इकडे. सतराची रांग दाखव.”

“आता कशाला?”

“आठ महिने नुसते आकडे बघितले. रेषा कधी बघितलीच नाही.”

तिने पडदा वळवला, सतराची रांग उघडली. मामा इतके जवळ वाकले की काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं आलं; ते त्यांनी बाहीने पुसलं. एकतीस वर्षं तेल आणि तेलासारखं दिसणारं वेगळं करणारे त्यांचे डोळे सुळक्याच्या टोकापासून सावकाश खाली उतरत गेले आणि एका जागी थांबले.

“हा तुझा सुळका. मग याच्या उजव्या उताराला हा फुगवटा कसला? बाकीच्यांत आहे का?”

रेषाबाईने सोळावी रांग तिच्यावर चढवली, मग पंधरावी. उतार सरळ होते. ती पडद्याकडे सरकली. तिची खुर्ची करकरली नाही, किंवा करकरली तरी तिला ऐकू आलं नाही.

“तेल नव्हे हे,” मामा म्हणाले. “आंबट काहीतरी आहे. बुरशी आम्ल करते कधीकधी. तुझं मशीन तेही तेलात मोजतंय. स्टूल आण गं मला एक.”